शेवटच्या जोडीतल्या दोन पाट्या

या शहरात पाटी वाचून कोणी घर शोधत नाही, हे पाटीवाल्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? छत्तीस वर्षं त्यानं नगरपालिकेच्या रस्ते खात्यात एकच काम केलं. शिडी लावायची, भिंतीला भोकं पाडायची, पाटी बसवायची आणि खाली उतरायचं. निम्म्या शहराला त्याच्या हातानं नावं मिळाली. पण माणसं पत्ता सांगायची ती आपली पूर्वीसारखीच. "जुन्या टपालासमोर या," म्हणायची. टपाल तिथून उठून बावीस वर्षं झाली होती आणि त्या जागी चष्म्यांचं दुकान होतं. "मोठ्या घड्याळाखाली उतरा," असं सांगणाऱ्यानं ते घड्याळ कधी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नसायचं. आणि गंमत म्हणजे ऐकणारा बरोबर पोचायचा.

स्टेशनसमोरच्या रस्त्याची तर तऱ्हाच न्यारी. नवी मंडळी निवडून आली की पहिल्या सहा महिन्यांत त्या रस्त्याचं बारसं करायची. जुनी पाटी काढायची म्हणजे भोकं बुजवणं आलं, गिलावा आला, रंग आला. ते काम बांधकाम खात्याचं, आणि बांधकाम खातं पाटीवाल्याला वाऱ्यालाही उभं करायचं नाही. म्हणून त्यानं स्वतःची रीत पाडली होती. जुन्या पाटीवरच नवी पाटी, त्याच चार भोकांतून, फक्त स्क्रू जरा लांब. चार थर झाले तेव्हा तो हेडक्लार्कला म्हणाला, "साहेब, पुढचं नाव कितीही मोठं ठेवा, पण तेवढा लांब स्क्रू मिळतो का ते आधी बघा." हेडक्लार्क हसला आणि पुढच्या वर्षी पाचवी पाटी आलीच.

माणूस तसा थट्टेखोर होता, कामाला चोख होता आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. निवृत्तीला चार महिने उरले होते. हे चार महिने सुखानं गेले असते तर ही गोष्ट सांगायचं काही कारणच नव्हतं.

एका सोमवारी त्याला दोन फलक बसवायला दिले. रस्ता रुंद व्हायचा होता आणि त्यासाठी एका गल्लीतली घरं पाडायची होती. त्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना सूचना लावायची, एवढंच काम. आता पाटी लावणारा माणूस पाटी वाचत नाही. तो तिची चार भोकं बघतो आणि भिंत बघतो. पण या फलकावर मजकूर बराच होता आणि शिडीवर चढायच्या आधी त्यानं तो सहज वाचला. 'विहिरीची गल्ली, पूर्वेकडची बाजू, घर क्रमांक एक ते अकरा.' त्यानं फलक भिंतीला टेकवला आणि तिथेच पायरीवर बसला.

कारण ती विहिरीची गल्ली नव्हती. पाटीवर तसं लिहिलं होतं खरं, पण ती पाटी त्यानंच लावलेली होती, आणि चुकीची लावलेली होती.

झालं होतं ते असं. एकतीस वर्षांपूर्वी या भागातल्या गल्ल्यांना पहिल्यांदाच पाट्या लागल्या. त्याआधी गल्ल्यांची नावं फक्त लोकांच्या तोंडी होती. कारखान्यातून पाट्या यायच्या त्या दोन-दोन बांधलेल्या, तोंडाला तोंड लावून, म्हणजे वरचा मुलामा घासत नाही. गाडीवर त्या वाटेच्या क्रमानं रचलेल्या असायच्या: पहिली जोडी पहिल्या दोन गल्ल्यांची, दुसरी पुढच्या दोन गल्ल्यांची, आणि जोडीतही वरची पाटी आधीच्या गल्लीची. डोकं चालवावं लागत नसे. पण त्या दिवशी पलीकडचा रस्ता खोदलेला होता म्हणून त्यानं गाडी उलट्या बाजूनं आत घातली. जोड्या शेवटून घ्यायच्या हे त्याच्या लक्षात आलं. पण जोडीच्या आतला क्रमही उलटतो, हे लक्षात आलं नाही. हातात आलेल्या पहिल्या जोडीची दोरी त्यानं सोडली, वरची पाटी आधी लागलेल्या गल्लीला लावली, खालची पुढच्या गल्लीला. दुसऱ्या जोडीच्या वेळी एक ओळखीचा दुकानदार ओरडला, "अरे, ही आमची नव्हे, पलीकडची," तेव्हा त्याची ट्यूब पेटली. पुढच्या सगळ्या जोड्या त्यानं बरोबर लावल्या. मागे जाऊन पहिली जोडी बदलायची होती, पण दुपार झाली होती आणि आठ दिवसांवर थोरल्या बहिणीचं लग्न होतं. उद्या बदलू, असं तो मनाशी म्हणाला.

ती जोडी, म्हणजे कारखान्याच्या क्रमानं शेवटची, विहिरीच्या गल्लीची आणि भट्टीच्या गल्लीची होती. विहीर तोवर बुजवली होती आणि काचेची भट्टीही बंद पडली होती, त्यामुळे नुसतं बघून कोणाला काही कळण्यासारखं नव्हतं.

आणि दैव असं की अक्का लग्न होऊन गेली ती त्याच विहिरीच्या गल्लीत. पहिल्यांदा तिच्या सासरी जेवायला गेला तेव्हा तिची सासू वाढता वाढता म्हणाली, "आमच्या दारात पिढ्यान् पिढ्या विहीर, आणि तुमच्या नगरपालिकेनं आम्हाला भट्टीत घातलं." सगळे हसले. पाटी याच पाहुण्यानं लावली हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. अक्काला माहीत होतं. ती ताटाकडे बघत भात कालवत राहिली. तोही इतरांबरोबर हसला. नव्या सोयऱ्यांसमोर बहिणीची मान खाली जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. नंतर कधीतरी गुपचूप बदलू, असं ठरवलं. पण त्याआधी साहेबानं वहीत सही घेतली. मग नवा पोस्टमन आला आणि पाटी वाचून पत्रं टाकू लागला, कर खात्यानं भिंतींवरची नावं उतरवून घेतली, भाडेकरू बदलले, दुकानांचे बोर्ड रंगले. पाच वर्षांत चूक अशी मुरली की ती चूक आहे असं म्हणणाराच वेडा ठरला असता. अर्थात ज्या गल्लीत मूळची घरमालक मंडळी टिकून होती, म्हणजे अक्काच्या गल्लीत, तिथल्या म्हाताऱ्यांना खरं काय ते ठाऊक होतं. दुसऱ्या गल्लीत सगळी माणसं नंतरची. त्यांना बिचाऱ्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

पाटीवाल्यानं त्या दिवशी दोन्ही फलक लावले. न लावून सांगणार काय? शिडीवरून उतरला तर समोर काजवाल्या बाई उभ्या.

या बाई सात नंबरच्या घरात राहायच्या. शहरातले सात-आठ शिंपी शर्ट शिवायचे, पण काजं करायला त्यांच्याकडे पाठवायचे. मशीनवरची काजं त्या करायच्याच, पण भारी कापड असलं तर हातानं करायच्या, आणि ते हातकाज बघायला माणसानं चष्मा लावावा असं असायचं. नवरा गेल्यानंतर पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी दोन खोल्यांचं हे घर घेतलं होतं. मूलबाळ नव्हतं. पाटीवाल्याच्या खात्याच्या गणवेशाची काजं त्याच करायच्या, म्हणून ओळख.

"नगरपालिकेतले तुम्ही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, हे खरंच होणार का?"

"नोटीस आलीय ना."

"नोटीस आलीय. एक वर्षानं गावाबाहेर खोली देणार म्हणतात. वर्षभर काय करायचं ते लिहिलेलं नाही. आणि गावाबाहेर माझ्याकडे शर्ट घेऊन कोण येणार?" त्यांच्या दंडाला पिशवी होती, तिच्यातून बाह्या लोंबत होत्या. "चाळीस वर्षांपूर्वीचा ठराव आहे म्हणे. मी घर घेतलं तेव्हा मला कोणी बोललं नाही. बोलायला नको होतं का?"

"नको कसं?" पाटीवाला म्हणाला. त्याला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. त्यानं शिडीची घडी केली आणि काम नसताना दोनदा दोरी बांधली.

तिथून तो सरळ अक्काकडे गेला. दोन गल्ल्या पाठीला पाठ लावून होत्या. चालायला पाच मिनिटं लागायची नाहीत. अक्का आता घरात एकटीच होती. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, मुलगा आणि मुलगी नोकरीला दुसऱ्या शहरांत. रस्त्याकडच्या खिडकीपाशी तिची खुर्ची असायची. तिथे बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या जगाची हजेरी घ्यायची.

त्यानं सगळं सांगितलं. अक्का उशांचे अभ्रे घालत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मला काय सांगतोस? मी परवाच वाचलं पेपरात."

"मग?"

"मग काय? चहा घेणार का?"

"अक्का, जायची ती ही अकरा घरं आहेत. तिकडची नाहीत."

"धाकट्या, ह्या गल्लीत विहीर होती हे माहीत असलेली आता दोन माणसं. एक समोरचे आजोबा आणि एक मी. त्यांना ऐकू येत नाही आणि मला आठवत नाही."

तिनं उशी थापटली. पाटीवाला हसला नाही. एरवी हसला असता.

"तुझ्या सासऱ्यांचं खरेदीखत आहे ना पेटीत? त्याच्यात गल्लीचं नाव असेल."

अक्कानं उशी खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "आहे. नाव आहे आणि विहीरही आहे. पश्चिमेस सार्वजनिक विहीर. मी वाचलंय ते." तिचा आवाज चढला नव्हता. "माझी दोन्ही मुलं त्या आतल्या खोलीत झाली. ह्यांनी प्राण सोडला तो इथे, तू बसलायस तिथे. चूक तुझी, आणि तिची भरपाई माझ्या घरानं करायची?"

चहा न घेताच तो निघाला.

रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी रस्ते खात्याच्या अभियंता बाईंसमोर जाऊन उभा राहिला. बाई वयानं त्याच्या मुलीएवढ्या, नव्याच बदलून आलेल्या, कामाला वाघ. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि सगळं नीट ऐकून घेतलं. मग शिपायाला कपाटातून एक जुनी वही काढायला लावली, पान उघडलं आणि ते त्याच्यापुढे फिरवलं. पाट्यांची यादी होती. खाली लिहिलं होतं, 'सर्व पाट्या प्रत्यक्ष जागेवर पडताळून लावल्या.' त्याखाली तरुण हाताची, जरा जास्तच नक्षीदार सही.

"ही तुमची सही ना काका?"

"माझीच."

"मग मी कुठलं खरं मानू? एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही लिहून दिलेलं, की आज तोंडी सांगताय ते?"

"आजचं. मूळ नकाशा काढा मॅडम, त्याच्यात दिसेल."

"नकाशा असता तर प्रश्नच नव्हता. रेकॉर्डच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा लगदा झाला त्याचा. ठरावाची यादी तेवढी उरलीय." बाईंनी डोळे चोळले. "नव्या पुलाला दोन्ही गल्ल्या भिडतात. मला कुठूनही रस्ता नेता येतो. पण ठरावात जिचं नाव आहे तिच्यातूनच न्यावा लागणार, आणि ते नाव आज ज्या भिंतीवर आहे तीच गल्ली मी धरणार. तुमच्या नुसत्या शब्दावर अकरा घरं सोडून दुसरी अकरा पाडली तर मला कोर्टात उभं करतील." त्या थांबल्या. "पाट्या लागल्या त्याआधीचा एक कागद आणा. काहीही, जुनं खत, जुनी पावती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आणलात तर मी काम थांबवते. आणि हे बघा, तुमची चौकशी लागेल. पेन्शन अडकू शकते. ते धरून या."

"कागद आहे," पाटीवाला म्हणाला.

"कुणाकडे?"

"आणतो," एवढंच तो म्हणाला.

पेन्शनचं त्याला फारसं काही वाटलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो माणूस भित्रा नव्हता. पण बुधवार गेला, गुरुवार गेला, आणि त्याचे पाय अक्काच्या गल्लीकडे वळेनात. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो गेला.

अक्का खिडकीपाशी बसली होती. तो काय मागायला आलाय हे तिनं विचारलं नाही. उठली, कपाटाच्या खणातून पेटीची किल्ली आणली आणि त्याच्यापुढे टेबलावर ठेवली.

"घे," ती म्हणाली. "पेटी आतल्या खोलीत पलंगाखाली आहे. कागद वरच आहे, लाल कापडात. माझ्या हातानं मी माझं घर द्यायची नाही. तुला न्यायचा असेल तर तू ने. मी अडवणार नाही आणि बोलणारही नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

पुढेही बोलणार नाही, याचे दोन अर्थ होत होते आणि त्याला दोन्ही कळले. ही बहीण त्याला कडेवर घेऊन वाढली होती. आई आजारी असायची तेव्हा त्याला अक्षर हिनं शिकवलं. ती नक्षीदार सहीसुद्धा हिच्याच सहीवरून उचललेली. तो किल्लीकडे बघत बसला. घड्याळात दोन वाजले, सव्वादोन झाले. अक्का खिडकीबाहेर बघत होती, पण तिची मान ताठ होती आणि हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते. अडीच वाजता तो उठला. किल्ली टेबलावर तशीच होती.

"येतो," तो म्हणाला.

"ये," अक्का म्हणाली.

शुक्रवारची संध्याकाळ झाली आणि गेली. सोमवारी अभियंता बाई जिन्यात भेटल्या. थांबून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नाही अशी मान हलवली. त्यांनी बरं अशी मान हलवली आणि त्या पुढे गेल्या.

महिन्याभरात सात नंबरचं घर पडलं. तीन नंबर, चार नंबर, सगळी अकरा पडली. आतल्या भिंतींचे रंग रस्त्यावर आले; कोणाची पिवळी खोली, कोणाची निळी, कोणाच्या भिंतीवर मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा. पाटीवाल्याला तिथे 'वाहतूक बंद' चा फलक लावायचा होता. त्यानं तो लावला आणि मागे न बघता गेला.

काजवाल्या बाईंनी काय केलं, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही. आठ दिवसांनी कळलं, तेही अक्काकडूनच. बाई मशीन आणि दोन ट्रंका घेऊन एका शिंप्याच्या दुकानात मागच्या पडवीत राहत होत्या. अक्का स्वतः गेली आणि त्यांना घेऊन आली. "खोल्या रिकाम्या पडल्यात," एवढंच तिनं पाटीवाल्याला सांगितलं, आणि ते सांगताना ती स्वयंपाकघरात गेली. त्यानं ओळखलं. त्या दोघांनी मिळून जे केलं होतं ते अक्कालाही पचलं नव्हतं.

बाई आल्या त्या पाहुणीसारख्या राहू लागल्या. मशीन त्यांनी जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं, म्हणजे कोणाला अडचण नको. दिवसासुद्धा दिवा लावून काम करायच्या आणि विजेचं बिल वाढेल म्हणून मधूनमधून विझवायच्या. "अक्का, थोडं पाणी गरम करू का?" "अक्का, दोरीवर माझे दोन कपडे चालतील का?" प्रत्येक गोष्ट विचारून. आपला पेला त्या वेगळा ठेवायच्या. अक्का म्हणायची, "अहो, विचारता काय सारखं?" पण तिचा चेहरा दर वेळी थोडा ओढला जायचा. पाटीवाला रविवारी यायचा. बाई उठून उभ्या राहायच्या, जसं काही घराचा मालकच आला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तो यायचा. न येण्याला तोंड नव्हतं.

असे अडीच महिने गेले. पाटीवाला निवृत्त झाला. खात्यानं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. पुढच्या रविवारी दुपारी तो अक्काकडे गेला तेव्हा बाईंनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या हातात दिलं.

"उघडा ना."

पांढरा शर्ट होता. बाईंनी स्वतः शिवलेला, खात्याच्या जुन्या गणवेशावरून माप घेऊन. पुढे सात काजं, बाह्यांना दोन, सगळी हाताची. शिंप्यांचं काम सांभाळून एवढं करायला त्यांना आठवडा तरी लागला असणार, आणि तोही त्या जिन्याखाली.

"मला काही देता येण्यासारखं नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या अक्कांनी मला दारात उभं केलं नसतं तर मी कुठे गेले असते? आणि तुम्हीसुद्धा माझ्यासाठी खात्यातल्या मॅडमकडे गेला होतात. मला कळलं. शिपाई सांगत होता. सख्खा भाऊ एवढं करत नाही."

पाटीवाल्यानं शर्ट मांडीवर ठेवला. त्याला वाटलं आता गप्प बसलो तर उरलेलं आयुष्य गप्पच बसावं लागेल. त्यानं अक्काकडे पाहिलं. अक्कानं त्याच्याकडे पाहिलं, मग ती उठली आणि आत गेली. पेटी ओढल्याचा आवाज आला.

"बाई, बसा," तो म्हणाला. "मी मॅडमकडे गेलो ते का गेलो, ते तुम्हाला माहीत नाही."

आणि त्यानं सांगितलं. गाडी उलटी घातली तिथपासून सुरुवात केली. जोड्या कशा बांधलेल्या असतात ते हातांनी दाखवलं. वहीतली सही सांगितली, शुक्रवारची मुदत सांगितली, किल्ली सांगितली. स्वतःला कुठे सोडवून घेतलं नाही. अक्का बाहेर आली होती. तिनं लाल कापड सोडून खरेदीखत बाईंच्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

बाईंनी चष्मा पुसला आणि कागद वाचला. जुनं अक्षर होतं, वेळ लागला. त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं. पश्चिमेस सार्वजनिक विहीर, इथे ते थांबलं.

"म्हणजे माझं घर जायचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं."

"हे जायचं होतं."

"हो," अक्का म्हणाली. "हे."

बाईंनी कागदाची घडी घातली, जशी होती तशी, आणि अक्काला परत दिली. रस्त्यावरून एक गाडी गेली. पलीकडे नव्या रस्त्याचं काम चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

"मी साखरसुद्धा विचारून घेत होते तुमच्या घरातली," बाई अक्काला म्हणाल्या.

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. "माझं चुकलं," ती म्हणाली. "त्याचं एकदा चुकलं. माझं रोज चुकत होतं."

बाई उठल्या. जिन्याखाली गेल्या, मशीनवरचं कापड काढलं, दिवा विझवला. मग खोलीच्या मध्ये येऊन त्यांनी खिडकीकडे बघितलं.

"मशीन तिथे घ्यायचंय," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

अक्कानं खिडकीपाशी जाऊन आपली खुर्ची ओढली आणि भिंतीकडे सरकवली. पाटीवाला शर्ट बाजूला ठेवून मशीनला हात लावायला पुढे झाला.

"तुम्ही नको," बाई म्हणाल्या. "अक्का, तुम्ही ती बाजू धरा."

दोघी वयानं साठीच्या पुढच्या. मशीन जुनं, लोखंडी पायांचं. दोनदा खाली टेकवत, फरशीवर चरा पाडत त्यांनी ते खिडकीपर्यंत नेलं. पाटीवाला हात लोंबते टाकून बघत उभा राहिला. बाईंनी स्टूल ओढलं, पिशवीतला अर्धवट शर्ट काढला आणि उजेडात धरून सुईत दोरा ओवला. एका दमात ओवला गेला. त्यांची पाठ खोलीकडे होती.

त्याला जावं की थांबावं कळेना. त्यानं शर्ट उचलला, कागदात गुंडाळला आणि परत टेबलावर ठेवला.

"घेऊन जा तो," मागे न वळता बाई म्हणाल्या. "तुमच्याच मापाचा आहे. दुसऱ्या कोणाला व्हायचा नाही."

त्यानं शर्ट काखेत धरला आणि तो पायऱ्या उतरला.